थंडी हवेतली आणि धातूतली

मागील अंकात सैबेरियाच्या उत्तर टोकाला, यमाल द्वीपकल्पावरील साबेट्टा येथे २०१७ सालच्या अखेरीपासून चालू असलेल्या नैसर्गिक वायूच्या द्रवीकरण प्रकल्पाविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. तेथील तापमान हिवाळ्यात उणे ५० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, असा त्यात ओझरता उल्लेख होता. त्या एका वाक्यावरच बहुतेक पत्रे आली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : पोलादासारखा मजबूत धातू केवळ थंडीने मोडतो, हे पटत नाही. थंडीत तो उलट अधिक कठीण व्हायला हवा ना?
(निवृत्त शिक्षक, नाशिक)

आपली शंका अर्धी बरोबर आहे. तापमान उतरू लागले की साध्या कार्बन पोलादाचे बळ थोडे वाढतेच. कमी होतो तो त्याचा चिवटपणा. चिवट धातूवर जास्त भार आला तर तो आधी वाकतो, ताणला जातो आणि त्या ताणण्यात बरीच ऊर्जा खर्ची पडते, त्यामुळे पाहणाऱ्याला काही सूचना तरी मिळते. तोच धातू ठिसूळ अवस्थेत असेल, तर वेल्डमधील केसाएवढी चीर निमिषार्धात संपूर्ण भिंतभर धावते. चिवटपणाकडून ठिसूळपणाकडे जाण्याचा हा बदल तापमानाच्या एका ठरावीक पट्ट्यात घडतो आणि तो पट्टा पोलादाच्या जातीनुसार, जाडीनुसार आणि वेल्डच्या गुणवत्तेनुसार गोठणबिंदूच्या वर असू शकतो किंवा पुष्कळ खाली. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभे असलेले ‘शेनेक्टडी’ हे कोरे करकरीत तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन मधोमध चिरले, तेव्हा हवेचे तापमान गोठणबिंदूच्या जेमतेम खाली होते.

यावरचा उपाय म्हणजे पोलादाची निवड, आणि ती अंदाजाने होत नाही. धातूच्या लहानशा तुकड्याला खाच पाडतात, तो ठरावीक तापमानापर्यंत गार करतात आणि लंबकाला बसवलेल्या हातोड्याने एका घावात तोडतात. तुटताना त्याने किती ऊर्जा शोषली ते मोजतात. ही चार्पी चाचणी शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांत सर्रास वापरले जाणारे साधे कार्बन पोलाद सामान्यतः उणे २९ अंशांपर्यंत चालते असे धरतात. त्याखाली उणे ४६ अंशांवर चाचणी झालेले खास पोलाद घ्यावे लागते. त्याच्याही खाली निकेल मिसळलेले पोलाद येते. साडेतीन टक्के निकेल असेल तर उणे १०० अंशांच्या आसपास आणि नऊ टक्के असेल तर उणे १९६ अंशांपर्यंत मजल जाते. ज्या स्टेनलेस पोलादाची अणुरचना निराळी असते, त्यात असा ठिसूळपणाचा पट्टा जवळजवळ नसतोच, परंतु त्याची किंमत पाहता सगळा कारखाना त्याचा उभारणे कोणालाच परवडणारे नाही.

या पायऱ्यांपैकी एक चुकली तर काय होते, हे क्लीव्हलंड शहराने २० ऑक्टोबर १९४४ रोजी पाहिले. द्रवरूप नैसर्गिक वायू साठवणारी तेथील एक टाकी साडेतीन टक्के निकेलच्या पोलादाची होती, आणि आतला द्रव उणे १६० अंशांच्या घरातला. टाकी फुटली, वायू गटारांतून वस्तीत शिरला आणि सुमारे १३० माणसे मेली. त्यानंतर या उद्योगाची वाढ अमेरिकेत कित्येक वर्षे खुंटली.

प्रश्न : वाऱ्यामुळे ‘जाणवणारे’ तापमान आणखी खाली जाते असे म्हणतात. यंत्रांनाही ते जाणवते का?
(विद्यार्थी, कोल्हापूर)

नाही. हवा उणे ४० असेल, तर कितीही वारा सुटला तरी उघड्यावरचा पाइप उणे ४० च्या खाली जाणार नाही. मात्र तो तेथपर्यंत फार लवकर पोहोचेल, आणि पाइप गरम ठेवणाऱ्या विजेच्या पट्ट्यांना तेवढी जास्त उष्णता पुरवावी लागेल. ‘जाणवणारे’ तापमान माणसाच्या उघड्या त्वचेपुरते आहे, आणि तेथे ते अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण हिमदंश किती मिनिटांत होईल हे त्यावर ठरते. जाता जाता सांगायचे तर, साबेट्टासारख्या ठिकाणी पाऱ्याचा तापमापक निरुपयोगी ठरतो. पारा उणे ३९ अंशांच्या सुमारास स्वतःच गोठतो.

प्रश्न : मी उरण परिसरात वायूवर प्रक्रिया करणाऱ्या क्षेत्रात काम करतो. येथे तापमान १५ अंशांच्या खाली फारसे जात नाही. तरीही काही पात्रांच्या नेमप्लेटवर उणे ४५ अंशांसारखे किमान तापमान कोरलेले असते. हा परदेशी आराखड्यांचा अवशेष आहे काय?
(तंत्रज्ञ, उरण)

मुळीच नाही, आणि हा गैरसमज जेथे जेथे असेल तेथे तो आजच दूर व्हावा, म्हणून या पत्राला सर्वांत मोठी जागा देत आहे. नेमप्लेटवरचा तो आकडा हवेचा नसून धातूचा आहे, आणि धातूला गार करण्यासाठी सैबेरियाची गरज नसते.

वायूचा दाब एकदम उतरला की तो गार होतो. नैसर्गिक वायूच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा की, झडपेतून जाताना दाब एक बारने (म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा) उतरला तर तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरते. म्हणजे १०० बार दाबाचा, ३० अंशांचा वायू एखाद्या झडपेतून २० बारवर आला, तर झडपेच्या पलीकडे तो शून्याच्या दहा अंश खाली असेल, मग बाहेर कोकणातला मे महिना का असेना. द्रवरूप वायूंची गोष्ट आणखी टोकाची आहे. प्रोपेन वातावरणाच्या दाबाला उणे ४२ अंशांवर उकळते, इथेन उणे ८९ अंशांवर. प्रोपेनने भरलेल्या पात्राचा दाब गळतीमुळे किंवा घाईघाईने वायू सोडल्यामुळे झपाट्याने उतरला, तर उरलेला द्रव स्वतःचीच उष्णता घेऊन उकळत राहतो आणि पात्राच्या भिंतीसह उणे ४२ कडे सरकतो. मुंबई हायच्या वायूतून एलपीजी आणि इथेन-प्रोपेन वेगळे काढणाऱ्या कारखान्यात हे द्रव हरघडी हाताळले जातात. त्यामुळे तो आकडा तुमच्याच कामासाठी कोरलेला आहे.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील लाँगफर्ड येथे २५ सप्टेंबर १९९८ रोजी जे घडले, ते या क्षेत्रातील प्रत्येक पाळीवर वाचून दाखवावे असे आहे. एस्सो कंपनीच्या त्या कारखान्यात वायूतून जड घटक शोषून घेण्यासाठी एक तेल फिरवले जात असे. ते गरम तेल फिरवणारे पंप सकाळी बंद पडले आणि काही तास पुन्हा सुरू झाले नाहीत. गरम तेल थांबले, पण थंड द्रव येत राहिला. एरवी शंभर अंशांच्या घरात काम करणारे एक उष्णता-विनिमय पात्र उणे ४८ अंशांपर्यंत गार झाले. त्याच्या बाहेरून बर्फाचा थर दिसू लागला आणि त्याच संचातल्या एका सांध्यातून गळती सुरू झाली. बर्फ घालवून गळती थांबावी, म्हणून पंप सुरू होताच तेच गरम तेल पुन्हा आत सोडण्यात आले. गारठून ठिसूळ झालेल्या पोलादाचा एक भाग एकदम तापला, उरलेला गारच राहिला, आणि त्या ताणाने पात्र फुटले. दोन कामगार ठार झाले, आठ जखमी झाले, आणि मेलबर्नसह जवळजवळ सगळ्या राज्याचा वायुपुरवठा सुमारे दोन आठवडे बंद राहिला.

त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगासमोर आलेली सर्वांत बोचरी गोष्ट अशी की, पात्रावर साचलेला बर्फ सर्वांनी पाहिला होता, परंतु गार पात्रात गरम तेल सोडणे प्राणघातक ठरू शकते हे पाळीवरच्या लोकांना कोणी शिकवलेलेच नव्हते. आयोगाने ठपका ठेवला तो कंपनीच्या प्रशिक्षणावर आणि धोक्यांचा आधी शोध न घेण्यावर. माझ्या मते दोष पाळीवरच्या माणसावर ढकलण्याची सवय आपल्याकडे जास्तच आहे. लाँगफर्डचा अहवाल त्या सवयीवर चांगला उतारा आहे.

तेव्हा व्यवहारात लक्षात ठेवायचे ते असे : ज्या पात्रावर एरवी बर्फ नसतो त्यावर तो दिसला, तर ती देखभालीची किरकोळ नोंद समजू नये. दाब सोडताना सावकाश सोडावा. आणि एकदा गार झालेल्या पात्रात पुन्हा दाब भरण्यापूर्वी धातू नेमप्लेटवरील मर्यादेच्या वर आल्याची तापमान मोजून खात्री करावी, कारण नुसत्या थंडीने पात्र सहसा फुटत नाही. थंडी आणि दाब एकत्र आले की फुटते. पात्र ऊब घेण्यास काही तास लागतात, आणि उत्पादन थांबलेले असताना ते तास फार लांब वाटतात, हे मान्य आहे.

उरणहून याच किनाऱ्याने आणखी खाली गेलात तर गुहागर तालुक्यातील दाभोळच्या टर्मिनलवर जहाजातून उतरणारा द्रवरूप वायू उणे १६२ अंशांचा असतो. तेथले पाइप पहिल्यांदा वापरात आणताना हळूहळू गार करावे लागतात. स्टेनलेस पोलादाचा शंभर मीटर लांबीचा पाइप तेवढ्या थंडीत जवळजवळ तीस सेंटिमीटरने आखडतो. त्याला आखडण्यासाठी वळणे ठेवलेली नसतील किंवा त्याचा तळ गार आणि माथा उबदार राहिला, तर तो आधारांवरून उचलला जातो. उणे ५० च्या साबेट्टात आणि ३५ अंशांच्या दाभोळात या एका बाबतीत काहीच फरक नाही.

प्रश्न : मिथेन तर उणे १८२ अंशांना गोठतो. मग थंड प्रदेशांत वायूच्या पाइपलाइनी ‘गोठून’ बंद पडतात म्हणजे नेमके काय होते?
(रासायनिक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, लोणेरे)

गोठतो तो वायूसोबतचा ओलावा, पण नेहमीच्या बर्फाच्या रूपात नव्हे. जास्त दाबाखाली पाण्याचे रेणू मिथेनच्या रेणूभोवती पिंजऱ्यासारखी मांडणी करतात आणि बर्फासारखा दिसणारा एक घन पदार्थ तयार होतो. त्याला हायड्रेट म्हणतात. हे होण्यासाठी शून्य अंशांची वाट पाहावी लागत नाही. ४० बार दाबाला मिथेनचे हायड्रेट चार अंशांच्या आसपास तयार होऊ शकते, ७० बारला सुमारे दहा अंशांवर, आणि वायूत प्रोपेनसारखे जड घटक असतील तर त्याहून सहज. पाइपलाइनी तुंबवणारा पदार्थ हाच आहे, हे हॅमरश्मिट या अमेरिकी संशोधकाने १९३४ साली दाखवून दिले. त्याआधी सर्वजण ते साधे बर्फच समजत होते. मेक्सिकोच्या आखातात २०१० साली डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटाच्या अपघातानंतर समुद्रतळावरच्या गळतीवर पोलादाची एक अजस्र पेटी उतरवली होती. दीड किलोमीटर खोलीवरच्या गार पाण्यात तिच्या आत हायड्रेट साचले आणि तो बेत काही तासांतच सोडून द्यावा लागला.

उपाय तीन : पाणी काढून टाकणे, वायू उबदार ठेवणे किंवा हायड्रेट होऊच नये असे रसायन मिसळणे. लांबच्या पाइपलाइनीत वायू सोडण्यापूर्वी ग्लायकॉल या पाणी शोषणाऱ्या द्रवाने धुऊन तो कोरडा करतात, हा सर्वांत खात्रीचा मार्ग. विहिरीपासून कारखान्यापर्यंतच्या टप्प्यात तो शक्य नसतो, म्हणून तेथे मिथेनॉल किंवा ग्लायकॉल सोडतात. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, हे ते हाताळणाऱ्यांनी विसरू नये.

परीक्षेत न विचारला जाणारा, परंतु जीव वाचवणारा मुद्दा पुढे आहे. पाइपात हायड्रेटचा बोळा बसला असेल, तर फक्त एका बाजूचा दाब सोडू नये. पलीकडचा दाब त्या सैल झालेल्या बोळ्याला तोफगोळ्यासारखा ढकलतो आणि पहिल्याच वळणावर तो पाइप फोडून बाहेर पडतो. बोळा मधोमध तापवणेही तितकेच वाईट, कारण एक घनमीटर हायड्रेटमध्ये सुमारे १६० घनमीटर वायू कोंडलेला असतो आणि दोन्ही टोके बंद असताना तो सुटला तर त्याला जाण्यास वाट नसते. दोन्ही बाजूंचा दाब सारखाच, सावकाश उतरवणे आणि थांबणे, एवढेच करावे.

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये येथील वायूच्या विहिरी गोठल्या आणि आम्ही अंधारात बसलो. याहून कितीतरी थंड अलास्कात तेल निघतच राहते. मग टेक्सासला काय झाले?
(महाराष्ट्र मंडळातील एक कुटुंब, ह्यूस्टन)

अलास्कातील उपकरणे ज्या थंडीसाठी बांधली होती तीच थंडी तेथे पडली; टेक्सासमध्ये तसे झाले नाही. विहिरीच्या तोंडावरील उपकरणांसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या प्रमाणात तापमानानुसार वर्ग आहेत. ‘के’ वर्ग उणे ६० अंशांपर्यंतचा, ‘एल’ उणे ४६ चा, ‘पी’ उणे २९ चा. पण टेक्सासमध्ये मोठी झडप फुटण्याचा प्रश्न फारसा आलाच नाही. थांबले ते लहानसहान : दाब मोजणाऱ्या यंत्राकडे जाणाऱ्या बोटाएवढ्या नळीतले पाणी गोठले, झडपा हलवणाऱ्या दाबित हवेतला ओलावा गोठला, वायूबरोबर येणारे खारे पाणी टाक्यांच्या वाटेवर अडले, आणि बर्फाळ रस्त्यांमुळे त्या टाक्या रिकाम्या करणारे टँकर पोहोचले नाहीत.

उपकरणांसाठी वापरल्या जाणाऱ्या हवेबाबत नियम सोपा आहे : त्या ठिकाणच्या किमान तापमानापेक्षाही निदान दहा अंश खालपर्यंत दव पडणार नाही इतकी ती कोरडी असावी. कागदावरचे किमान तापमानच चुकीचे धरले असेल, तर पुढचे सगळे चुकते.

त्यातच एक दुष्टचक्र सुरू झाले. विजेची टंचाई म्हणून भार कमी करताना वायुक्षेत्रांतील वायू दाबून पुढे ढकलणाऱ्या कंप्रेसरांची वीजही काही ठिकाणी तोडली गेली, त्यामुळे वीजकेंद्रांना जाणारा वायू आणखी घटला. राज्यातील वायूचे उत्पादन काही दिवसांत जवळजवळ निम्म्यावर आले. राज्य सरकारने नंतर जाहीर केलेल्या मोजणीनुसार त्या वादळात २४६ माणसे दगावली. संघराज्याच्या ऊर्जा नियामक आयोगाच्या अहवालात वीजकेंद्रे बंद पडण्याचे पहिले कारण उपकरणे गोठणे आणि दुसरे इंधनाचा अपुरा पुरवठा असे नोंदवले आहे. फेब्रुवारी २०११ मध्येही तेथे असेच घडले होते आणि त्याच वर्षी थंडीपासून संरक्षणाच्या शिफारशीही आल्या होत्या; त्या बंधनकारक नव्हत्या. दहा वर्षांत एकदा येणाऱ्या संकटासाठी खर्च करण्यास कोणी आपणहून तयार होत नाही, म्हणूनच अशा शिफारशी ऐच्छिक ठेवणे मला चूक वाटते.

प्रश्न : मग सर्व यंत्रे छपराखाली, गरम खोल्यांत का ठेवत नाहीत?
(स्थापत्य अभियंता, पुणे)

अलास्कात आणि साबेट्टात बरीच यंत्रे तशीच ठेवतात, परंतु त्यातून थंडीपेक्षा जुना धोका परत घरात येतो. उघड्यावरच्या कंप्रेसरमधून थोडा वायू गळला तर वारा तो पांगवतो. हाच कंप्रेसर चार भिंतींत असेल तर तोच वायू साचतो, आणि हवेत मिथेनचे प्रमाण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते. गळालेला वायू जाण्यासाठी तासाला अनेक वेळा खोलीतली हवा बदलावी लागते, आणि बदललेली प्रत्येक हवा उणे ४० वरून पुन्हा तापवावी लागते. खर्च वाचवण्यासाठी कोणीतरी पंखे मंद करते किंवा हवेच्या झरोक्यांवर ताडपत्री बांधते, आणि तेथूनच अपघाताची पायवाट सुरू होते. म्हणून अशा खोल्यांत वायुशोधक, पंखा बंद पडताच वाजणारी घंटा आणि स्फोट झालाच तर आधी उडून जाणाऱ्या हलक्या भिंती या तिन्ही गोष्टी हव्यात.

समुद्रातील फलाटांवर मधला मार्ग काढतात : वाऱ्याच्या बाजूला आडोसा, पण वर आणि खाली मोकळी जागा. अग्निशमनाच्या पाण्याचाही असाच पेच असतो. नळ्या भरलेल्या ठेवल्या तर गोठून फुटतात, म्हणून त्या कोरड्या ठेवून पाणी उबदार जागेतील झडपेमागे अडवतात किंवा गरम पाणी सतत फिरवत ठेवतात.

प्रश्न : मुलगा लेहला नोकरीस आहे. तेथे पहाटे गाडीतले डिझेल घट्ट होते असे तो सांगतो. टाकीखाली शेगडी ठेवणारेही त्याने पाहिले आहेत.
(गृहिणी, सातारा)

शेगडीपासून त्याने दूर राहावे, एवढे आधी कळवा. डिझेलमध्ये विरघळलेले मेण गारव्यात स्फटिकरूप होते. आपल्याकडे थंडीत खोबरेल तेल थिजते तसेच. आधी इंधन गढूळ होते, मग गाळणी बंद होते, आणि शेवटी ते वाहायचेच थांबते. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे खास हिवाळी डिझेल बाजारात आणले. त्यापूर्वी तेथे डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा प्रघात होता. हिवाळी डिझेल भरावे, पण उन्हाळी डिझेल गोठल्यावर त्यात ते ओतून लगेच फरक पडत नाही. थंडी सुरू होण्याच्या आतच टाकीतले डिझेल बदललेले हवे.

प्रश्न : भारतीय कंपन्यांचा अशा अतिशीत तेलक्षेत्रांशी प्रत्यक्ष संबंध आहे का?
(वाचक, ठाणे)

आहे. ओएनजीसी विदेशने २००१ साली रशियाच्या पूर्व टोकाकडील साखालिन-१ प्रकल्पात २० टक्के हिस्सा घेतला; तेथील समुद्र हिवाळ्यात गोठतो आणि फलाटाला सरकत्या बर्फाचा रेटा सोसावा लागतो. सैबेरियातील तोम्स्क भागात काम करणारी इम्पीरियल एनर्जी ही कंपनी तिने २००९ मध्ये विकत घेतली, आणि सैबेरियातल्याच व्हान्कोर तेलक्षेत्रातही भारतीय सार्वजनिक कंपन्यांचा मोठा वाटा आहे.

प्रश्न : कायम गोठलेल्या जमिनीवरून गरम तेलाची पाइपलाइन नेली तर जमीन वितळणार नाही का?
(भूगोलाच्या प्राध्यापिका, औरंगाबाद)

वितळेल, आणि याच कारणाने १९७७ साली सुरू झालेल्या अलास्काच्या १,२८७ किलोमीटर लांबीच्या पाइपलाइनीचा निम्म्याहून अधिक भाग जमिनीवर, सुमारे ७८ हजार आधारांवर उभा केला आहे. बऱ्याच आधारांच्या पोटात अमोनिया भरलेल्या बंद नळ्या आहेत. हिवाळ्यात जमिनीतील उष्णतेने खालचा अमोनिया वाफ होऊन वर चढतो, थंड हवेत द्रव होऊन पुन्हा खाली उतरतो, आणि या फेऱ्यांत जमीन आणखी गोठवतो; उन्हाळ्यात वरचे टोक उबदार झाले की फेरा आपोआप थांबतो. वीज नाही, पंप नाही, फिरणारा भाग नाही. या संपूर्ण क्षेत्रात इतकी देखणी युक्ती दुसरी मला तरी माहीत नाही.

मात्र आज त्या पाइपलाइनीपुढचा प्रश्न उलटा आहे. १९८८ मध्ये तिच्यातून दिवसाला वीस लाख पिंपांहून अधिक तेल वाहत होते. आता पाच लाखांहून कमी वाहते. तेल सावकाश जाते, वाटेत अधिक गार होते, त्यातले पाणी तळाशी बसून गोठण्याची भीती असते आणि मेण भिंतीवर साचते. जानेवारी २०११ मध्ये पहिल्या पंप स्टेशनवर गळती सापडली, तेव्हा पाइपलाइन बंद ठेवावी लागली. पण ऐन हिवाळ्यात ती फार काळ थांबली तर पुन्हा सुरू होईल की नाही या धास्तीने दुरुस्ती पुरी होण्याआधी मध्येच ती काही काळ चालवण्यात आली. थंड प्रदेशात बंद करणे ही नेहमीच सुरक्षित बाजू नसते.

जमीन हलली की काय होते याचे उदाहरण रशियातील नोरिल्स्क येथे २९ मे २०२० रोजी मिळाले. वीजकेंद्राच्या डिझेल टाकीचे आधार खचले आणि सुमारे २१ हजार टन डिझेल सांडून अंबारनाया नदीपर्यंत गेले. वीजकेंद्राच्या मालक कंपनीने प्रथम वितळत्या जमिनीकडे बोट दाखवले. सरकारी तपासात पायाची रचना, बांधणी आणि देखभाल यांतल्या उणिवाही पुढे आल्या. टाकी वर्षानुवर्षे उभी आहे म्हणून तिच्याखालची जमीन तीच राहिली आहे असे धरता येत नाही. आधारांची पातळी आणि जमिनीचे तापमान दोन्ही मोजत राहावे लागतात.

प्रश्न : थंडीच्या आधी कारखान्यात फेरी मारताना एकच गोष्ट पाहायची झाली तर कोणती?
(सुरक्षा अधिकारी, उत्तर भारतातील एक तेलशुद्धीकरण कारखाना)

ज्यातून आता काहीच वाहत नाही असा पाइप. टेक्सासमधील सनरे येथे मॅक्‌की तेलशुद्धीकरण कारखान्यात प्रोपेन वापरणारा एक संच होता. त्यातील पाइपांचा एक तुकडा १९९० च्या दशकात वापरातून गेला, पण तो कापून टाकला नाही किंवा मध्ये पोलादाची आंधळी चकती बसवून वेगळाही केला नाही. नुसती झडप बंद केली. झडपेत धातूचा एक तुकडा अडकल्याने ती नीट मिटत नव्हती. प्रोपेनमधले थोडेथोडे पाणी झिरपून त्या बंद पाइपाच्या खालच्या कोपऱ्यात साचत राहिले. फेब्रुवारी २००७ मध्ये थंडीची लाट आली, पाणी गोठताना नऊ टक्क्यांनी फुगले आणि पाइपाचे कोपर तडकले. तरीही काही झाले नाही, कारण बर्फानेच ती चीर बुजवली होती. १६ फेब्रुवारीला हवा जराशी उबदार झाली, बर्फ वितळला आणि प्रोपेन बाहेर पडून पेटले. तीन कामगार गंभीर भाजले, आगीपासून संरक्षण नसलेले पाइपांचे पोलादी आधार कोसळले आणि कारखाना जवळजवळ दोन महिने बंद राहिला.

तेव्हा फेरी मारताना बंद केलेल्या बायपास लाइनी, पंपांच्या रिकाम्या शाखा, पाण्याने दाबचाचणी घेतल्यावर न सुकवलेले खोलगट भाग आणि वर्षभर न उघडलेले ड्रेन यांची यादी हातात असू द्या. सुरक्षा झडपांच्या बाहेर जाणाऱ्या नळीत पाणी साठलेले नाही आणि टाक्यांचे श्वासमार्ग बर्फाने बुजणार नाहीत, हेही पाहा. जे तुकडे लागणारच नाहीत ते कापून टाका. लाट ओसरून तापमान शून्याच्या वर येऊ लागेल त्या दिवशी वायुशोधक घेऊन तीच फेरी पुन्हा मारा, कारण आदल्या रात्री तडकलेला पाइप गळू लागतो तो त्या सकाळी.